एकोणीस हुंकार

माझ्या कानाबद्दल कोणी ब्र काढलेला मला खपत नाही. खपत नव्हता, असं म्हणायला हवं आता. अठ्ठावीस वर्षं मी पाणथळीतले पक्षी नुसत्या आवाजावर मोजत आले. लोक मला मोजणीबाई म्हणतात, आणि पाठीमागे काय म्हणतात तेही मला ऐकू येतं, कान चांगला असण्याचा तो एक तोटा. लग्न केलं नाही, पक्षी मोजले. आई म्हणायची, पक्षी कसले मोजतेस, वर्षं मोज, भराभर चाललीत.

आमच्या पाणथळीत हुंकाऱ्या नावाचा पक्षी असतो. दिसत नाही तो. लव्हाळ्यात लव्हाळ्याच्या रंगाचा होऊन मान वर करून उभा राहिला की दोन हातांवरूनही कळायचा नाही. पण विणीच्या दिवसांत नर पहाटे आणि संध्याकाळी हुंकार देतो, खोल, घुमणारा, आणि तो मैलभर ऐकू जातो. म्हणून मोजणी कानानेच करायची. बांधावर ठरलेल्या जागी उभं राहायचं, आवाज आला त्या दिशेला नकाशावर रेघ मारायची, दोन जागांवरून मारलेल्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे एक नर आहे असं धरायचं. एक हुंकार, एक नर.

आणि आत जायचं नाही. हा नियम माझा. विणीच्या चार महिन्यांत लव्हाळ्यात कोणी पाऊल टाकायचं नाही, पाणथळीच्या ऑफिसातल्या मोठ्या साहेबांनी नाही, त्यांच्या पाहुण्यांनी नाही, मीसुद्धा नाही. एका वर्षी धाकटीचा नवरा होडी घेऊन आत शिरला होता. सख्ख्या बहिणीचा नवरा म्हणून मी त्याला सोडला नाही, होडी जप्त करायला लावली. धाकटी तीन महिने माझ्याशी बोलली नाही. बोलू नकोस म्हटलं. नियम म्हणजे नियम.

पाच वर्षांपूर्वी मोजणीत फक्त सात हुंकार भरले. तेव्हा ऑफिसने पाणथळीचा वरचा अर्धा भाग सगळ्यांनाच बंद केला, आणि खालच्या अंगाला, बांधालगतच्या गल्लीत, लोकांना घरगुती खोल्या काढून पाहुणे ठेवायची परवानगी दिली. लव्हाळी कापून चटया विणण्यावर कोणाचं भागत नव्हतंच. अट एकच होती, पक्षी घटले तर खोल्या बंद. मग काय, सगळे डोळ्यांत तेल घालून पक्षी जपायला लागले. मला तेव्हा असंच वाटलं होतं.

पुढच्या वर्षी आठ हुंकार. मग नऊ. मग बारा. मग सोळा. यंदा एकोणीस. मोठ्या साहेबांनी ऑफिसच्या भिंतीवर तक्ताच लावला होता. त्यावर दोन रेघा, एक पाहुण्यांची आणि एक पक्ष्यांची, बरोबरीने वर चढत गेलेल्या. लांबलांबचे लोक यायचे, आम्ही हे कसं साधलं ते बघायला. मी त्यांच्यापुढे भाषणं केली आहेत. माणसाने जगावं आणि पक्ष्यानेही जगावं, दोन्ही होतं, फक्त शिस्त पाहिजे, असं मी हात वर करून सांगायचे. आता आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

एक गोष्ट मात्र मला नवलाची वाटायची. वाढलेले सगळे हुंकार खालच्या अंगाला, घरांजवळ. बंद ठेवलेल्या वरच्या भागात शुकशुकाट. यावरही मी अहवाल लिहिला, आणि तो वाचून साहेब खूश झाले. मी लिहिलं होतं की पक्ष्यांना माणसाची सवय झाली आहे, त्यांना माणसाजवळ सुरक्षित वाटतं. स्वतःच्या अकलेचे दिवे मी असे छापून घेतले.

त्या अहवालातूनच पुढचं सगळं निघालं. वर पक्षी नाहीत, मग वरचा भाग बंद ठेवून काय उपयोग, असं कोणीतरी म्हणालं. एक कंपनी आली. पाण्यावरून लाकडी वाट काढायची, टोकाला चाळीस खोल्या बांधायच्या, गावातल्या पोरापोरींना नोकऱ्या द्यायच्या. शनिवारी सभा होती. मोजणीच्या कागदावर माझी सही झाली की वरचा भाग उघडणार होता. आणि मी सही करणार होते. एकोणीस म्हणजे एकोणीस, आकड्याशी मी कधी खोटं बोलले नाही.

धाकटीचा तर जीव त्या वाटेत अडकला होता. तिने आईकडून आलेला जमिनीचा तुकडा विकून सहा खोल्या बांधल्या होत्या. पडदे स्वतः शिवले होते, चहाच्या मगांवर हुंकाऱ्याचं चित्र स्वतःच्या हाताने रंगवलं होतं, मान जरा बदकासारखी झाली होती ती गोष्ट वेगळी. दारावर पाटी होती, ‘पहाटेची हाक हमखास.’ लाकडी वाट तिच्याच मागच्या भिंतीपासून सुरू होणार होती. ती मला म्हणायची, “ताई, तुझी एक सही आणि माझ्या जन्माची काळजी गेली.”

सभेच्या चार दिवस आधी साहेबांनी मला बोलावलं. “बाई, पाच वर्षांत हुंकाऱ्याचा एकही फोटो नाही आपल्याकडे. सभेत पडद्यावर दाखवायला एक तरी हवा हो.”

विणीचे दिवस संपून दहा दिवस झाले होते, म्हणजे आत जायला हरकत नव्हती. पक्षी गप्प झाले होते, एक सोडून. धाकटीच्या घरामागचा एक नर अजून संध्याकाळी हुंकार देत होता. त्याला मी घोगऱ्या म्हणायचे. सगळ्यांनाच मी नावं ठेवली होती, एक रडका, एक सावकाश्या, एक मास्तर. घोगऱ्याला यंदा जोडीदारीण मिळाली नसावी, म्हणून बिचारा अजून हाका मारतोय, असं मला वाटत होतं. मला त्याची दयासुद्धा आली होती.

कॅमेरा गळ्यात अडकवला, छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवली आणि ऊन कलल्यावर आत शिरले. पाणी कमरेपर्यंत होतं, खाली चिखल. हुंकार आला की थांबायचं, दिशा धरायची, पुढे सरकायचं. चार हुंकार, मग शांतता, पुन्हा चार हुंकार. मी मनात म्हटलं, काय शिस्तीचा आहे हा. बरोबर चारच देतो.

लव्हाळी बाजूला सारली तर समोर एक मेख रोवलेली. मेखेला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला काळा डबा, आणि वर तळहाताएवढी उन्हावर चालणारी पट्टी. मी त्याच्याकडे बघत असतानाच त्या डब्याने हुंकार दिला.

मला काही कळेना. म्हणजे दिसत होतं सगळं, पण डोक्यात शिरत नव्हतं. मी खरोखर त्या डब्याच्या मागे पाहिलं, पक्षी कुठे आहे म्हणून. दुसरा हुंकार आला, तिसरा, चौथा. मी पिशवी फाडली आणि दिसेल ते बटण दाबलं. डबा पुढच्या आवाजावर गेला. हुंकार, जरा जवळून आलेला, मग आणखी एक, आणि मग एका बाईचा आवाज.

“बास झालं. दम लागला मला.”

मागून कोणीतरी हसलं. तो बाईचा आवाज माझा होता. हसलेला आवाज धाकटीचा होता.

पाच वर्षांपूर्वी धाकटीने पहिली खोली काढली तेव्हाची ती गोष्ट. पाहुण्यांपुढे मी एक रिकामी बरणी घेतली होती आणि तोंडाजवळ धरून फुंकून दाखवलं होतं. बरणीच्या काठावर बरोबर कोन साधला की हुबेहूब हुंकाऱ्या निघतो. ही करामत मला लहानपणापासून येते. धाकटीचा नवरा फोन समोर धरून उभा होता. मी त्याला म्हटलंही होतं, नीट घ्या भावजी, कोन चुकला तर मेला रेड्यासारखा वाटतो.

बाहेर आले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि डबा माझ्या हातात होता. फोटोचं काही माझ्या लक्षातही नव्हतं.

धाकटी धुण्याच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होती. मी डबा घड्या घातलेल्या चादरींवर ठेवला, चिखलासकट. तिने आधी चादरीकडे पाहिलं, मग डब्याकडे, मग माझ्याकडे.

“ताई, ऐक तर.”

“तू सांग. ऐकायचंच काम करते मी.”

ती खाली बसली. “पहिल्या वर्षी पाहुणे चार दिवस राहिले आणि एकदाही ओरडला नाही तो. जाताना ते काय बोलले असतील? पक्षी कधी काळी होता, आता नुसता सांगतात हे लोक, असं माझ्या तोंडावर म्हणाले. मग ह्यांनी थंडीत लव्हाळी कापायला गेल्यावर तो डबा लावला. आणि तूच सांगितलं होतंस ना, एकाचा आवाज ऐकून दुसरा येतो म्हणून? आम्हाला वाटलं, त्याने खरे येतील. आणि आले की, ताई. दर वर्षी वाढलेच की.”

“मी मोजणी करते आणि तू माझ्याच कानात माझाच आवाज ओततेस? पाच वर्षं?”

“एकच आहे गं तो.” ती रडकुंडीला आली होती. “एकोणिसातला एक. अठरा तर खरे आहेत ना?”

खरं सांगते, मला त्या वाक्याने धीर आला. अठरा. बरं, अठरा. आकडा एकने चुकला, माझी लाज गेली, पण अठरा काही थोडे नाहीत. मी तिला म्हटलं, चादर भिजत घाल, डाग राहील, आणि डबा घेऊन बाहेर पडले.

गल्लीतून घरी निघाले. दोन्ही बाजूंना पाट्या. ‘हुंकार निवास.’ ‘लव्हाळी विश्रांती.’ ‘पक्ष्यांच्या शेजारी.’ मोजायची सवय वाईट, रस्त्याने जाताना मी खिडक्यासुद्धा मोजते. पाट्या मोजत मोजत गल्लीच्या टोकाला आले. एकोणीस.

मी परत फिरले आणि पुन्हा मोजल्या. मग एका पाटीखालच्या पायरीवर बसले, कोणाच्या दारात बसतेय हेही बघितलं नाही. मागच्या वर्षी तीन घरं कमी होती, तीन नवी यंदाची. म्हणजे मागच्या वर्षी सोळा. त्या घरची बाई बाहेर आली आणि पाणी देऊ का म्हणाली. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ही पण? ही बाई माझ्याकडे पक्ष्यांची पुस्तकं मागायला येते.

सगळं एका झटक्यात उलगडलं. विणीचे दिवस संपले की सगळे हुंकार एकदम कसे थांबतात, पट्टी-डबे आवरले जातात म्हणून. सावकाश्या ढगाळ दिवशीच का मंदावतो, उन्हाची पट्टी म्हणून. आणि आत जाऊन कोणी पाहिलं कसं नाही? आत जायला मीच बंदी घातली होती. चोराला जेवढी सोय हवी तेवढी मी नियम करून दिली होती.

घरी जाऊन मी ऑफिसला फोन लावला आणि साहेबांनी उचलायच्या आत ठेवून दिला. काय सांगणार? माझ्याकडे एक डबा होता. बाकीच्यांनी आपापले केव्हाच आवरले होते, आणि आता अळीमिळी गुपचिळी. एका धाकटीचं नाव झालं असतं आणि अठरा पक्षी कागदावर तसेच राहिले असते. सही मी नाही तर दुसऱ्या कोणी केली असती आणि वरचा भाग उघडला असता. सगळ्यांच्या तोंडून एकदम काढायचं तर सभाच हवी होती.

शुक्रवारी धाकटी आली. डोळे सुजलेले. “काय करणार आहेस, ताई?”

“तू काय करणार ते सांग.”

“माझ्या सहा खोल्या आहेत. दुसरं काही नाही मला.”

“उद्या मी विचारीन, डबा कोणी कोणी लावला. तू हात वर कर.”

“आणि मग?”

“मग काय? एकोणिसाचे अठरा होतील. अठरावर वाट अडत नाही. तुझं मन तेवढं हलकं होईल.”

ती हो म्हणाली. लहानपणापासून माझं ऐकत आलेली. मी तिला पाट्यांचं काही सांगितलं नाही. सख्ख्या बहिणीला मी फसवलं, जाणूनबुजून फसवलं, आणि त्याची मला शरम वाटते. पण पहिला हात वर झाल्याशिवाय दुसरा होत नाही, आणि तो पहिला हात कोणाचा, हे मला माहीत होतं.

शनिवारी हॉल गच्च भरला होता. टेबलावर लाकडी वाटेची छोटी प्रतिकृती, त्यावर काडीपेटीएवढी माणसं. कंपनीचा टायवाला सगळ्यांशी हात मिळवत होता. साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला, पेनाचं टोपण स्वतः काढून दिलं. “बाई, मंगलकार्य.”

मी उभी राहिले. पिशवीतून डबा काढून कागदावर ठेवला आणि बटण दाबलं. हॉलमध्ये हुंकार घुमला. लोक आधी हसले, त्यांना वाटलं समारंभाचाच भाग आहे. मग माझा आवाज आला, बास झालं, दम लागला मला. कोणी हसलं नाही.

“हा लव्हाळ्यात सापडला,” मी म्हटलं. “असा डबा आणखी कोणी लावलाय? मला नाव नको, कारण नको. फक्त हात वर करा.”

एकही हात हलेना. साहेब म्हणाले, “बाई, हे काय चाललंय?” तेवढ्यात तिसऱ्या रांगेत धाकटीने हात वर केला. तिचा नवरा तिच्याकडे वळला, आणि मग मान खाली घालून बसला.

“आमचा एक,” धाकटी म्हणाली. “फक्त आमचाच आहे. बाकीचे खरे आहेत.”

मागून कोणीतरी सुटकेचा श्वास सोडला, सगळ्यांना ऐकू गेला तो. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने हात वर केला. “तसा एक आमचाही आहे, बाई. आता ह्या म्हणाल्याच आहेत तर. पण एकच हो.”

त्याच्या शेजारची म्हणाली, “अय्या, तुमचाही?” आणि तिचा हात वर गेला. मग पुढच्या रांगेत दोन. प्रत्येक जण म्हणत होता, आमचा एकच, आम्हाला वाटलं बाकीचे खरे आहेत. धाकटीच्या नवऱ्याने ते आवाज फक्त एका मित्राला दिले होते, कोणाला सांगू नकोस म्हणून. मित्राने फक्त मेव्हण्याला. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, आमच्याकडे घरोघरी डबे. पहिले सात-आठ हात चढले तेव्हा लोक हसतसुद्धा होते, एकमेकांना कोपराने ढोसत होते. दहाव्यानंतर हसणं थांबलं. मागचे लोक उभे राहून बघायला लागले, अजून कोण, अजून कोण. चौदा, पंधरा. पुस्तकं मागायला येणारी बाई सतरावी. अठरावा हात वर गेल्यावर सगळा हॉल एका म्हाताऱ्या चटईवाल्याकडे बघायला लागला, कारण तेवढंच घर उरलं होतं. तो मान हलवत होता, नाही, नाही. मग त्याचा लेक शेजारून हळूच म्हणाला, “बाबा, मी लावलाय.” आणि त्याने हात वर केला.

एकोणीस हात. मी ते मोठ्याने मोजले नाहीत. गरज नव्हती, सगळ्यांनी मोजले होते.

धाकटी अजून हात वर करूनच उभी होती. तिला वाटलं होतं अठरा उरतील. ती माझ्याकडे बघत होती आणि मला तिच्याकडे बघवेना.

पहिला बोलला तो टायवाला. “पण मग अडचण काय आहे? पक्षीच नसेल तर जागा राखीव ठेवायचं कारणच उरत नाही. दोन्ही भाग उघडता येतील.” तो हे अगदी समजुतीने बोलला. त्याच्या मते त्याने तोडगा काढला होता.

मी साहेबांकडे पाहिलं. मला वाटलं ते त्याला गप्प करतील. साहेब कागद चाळत होते. ते म्हणाले, “नियमाने तसंच आहे, बाई. गेल्या दोन हंगामांतली हुंकाऱ्याची एक खात्रीची नोंद लागते. पक्षी भरपूर असते तर रिकामा भाग उघडला असता; पण एखादाच उरला असेल तर त्या एका नोंदीवर सगळी जागा राखीव राहते, वाट होत नाही, काही होत नाही. नसली तर जागा मोकळी. आठ दिवस देतो. शोधा.”

एकोणीस असले तरी वाट होणार, शून्य असले तरी होणार. अडवायला एक हवा होता, खरा, आणि विणीचा हंगाम संपलेला, म्हणून तो माझ्या वह्यांतच शोधायचा होता.

त्या रात्री धाकटी येणार नाही असं मी धरूनच चालले होते. ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली. बसली नाही. “तुला माहीत होतं,” ती म्हणाली.

“होतं.”

“मला सांगायचं होतंस. मी तरीही हात वर केला असता.”

खरंच केला असता का, मला माहीत नाही. तिलाही नसेल. पण ती पुढे आली आणि टेबलावरच्या वह्यांमधली एक उचलली. “चल. काय शोधायचंय ते सांग.”

तीन दिवस आम्ही दोघी माझ्या खोलीत नकाशे पसरून बसलो. एकेक घरचं माणूस येऊन आपला डबा कुठे होता ते दाखवून जायचं. कोणी माझ्या नजरेला नजर देत नव्हतं, एक दुकानदार सोडला तर. त्याने विचारलं, बाई, त्या मास्तरला तुम्ही फार नावाजायचात ना, तो आमचा. मी त्याला हाकलला नाही, एवढंच. यंदाच्या एकोणीस खुणा एकोणीस डब्यांवर बसल्या. एकही सुटी राहिली नाही. वरच्या भागातलं काही नव्हतंच, कारण तिथे पक्षी नाहीत म्हणून यंदा वरच्या दोन जागा मीच मोजणीतून काढून टाकल्या होत्या. तिथे कान द्यायला कोणी उभंच नव्हतं.

मग मागच्या वर्षीची वही. सोळा नोंदी, सोळा डबे. पंधरावी खूण बसेना तेव्हा मला वाटलं, हाच तो खरा, पण चटईवाल्याचा लेक आला आणि म्हणाला, तो डबा आम्ही मधेच हलवला होता, पाणी चढलं म्हणून. बसली. सोळा म्हणजे सोळा.

मी चष्मा काढून ठेवला. डोळ्यांपुढे अक्षरं पोहत होती. माझ्या आयुष्याची मोजणी करायची तर ती एवढीच होती. पाच वर्षं मी स्वतःची फुंकर लिहून घेतली, त्यांना नावं ठेवली, त्यांच्या जिवावर भाषणं केली. आणि त्या पाच वर्षांत कधीतरी खरे एकेक करून संपले, ते कधी, ते मला ऐकूही आलं नाही.

धाकटी अजून वहीची पानं उलटत होती. तिला माझं अक्षर लागायला वेळ लागतो.

“ताई, ही सतरावी काय आहे?”

“सतरा नाहीत. सोळा आहेत.”

“सोळाच मोजलेत. पण खाली एक आहे, रेघ मारलेली.” तिने वही उजेडाकडे धरली आणि बोट ठेवून वाचलं. “सतरा. वरचा बंद भाग, पार टोकाला. तीन पहाटे लागोपाठ. आवाज खरखरीत, मधेच तुटतो. कधी दोनदा, कधी पाचदा. बाकी सोळांसारखा नाही. खोटा वाटतो, कोणीतरी बरणीत फुंकत असावं. नोंद रद्द.” तिने बोट खाली सरकवलं. “खाली तुझी सही आहे.”

मला ती पहाट आठवली. मला राग आला होता, बंद भागात शिरून कोणी टवाळी करतंय म्हणून. मी बांधावरून तिकडे तोंड करून ओरडलेसुद्धा होते, लाज नाही वाटत का. त्यानंतर तो आवाज आला नाही. मी वहीत रेघ मारली, पट्टीने, सरळ.

धाकटीने वही खाली ठेवली नाही. तिला पटकन कळलं होतं, माझ्यापेक्षा पटकन. “तिकडे तर एकाही घराचा डबा नव्हता.”

“नव्हता.”

“मग हाच तो. हाच खरा, ताई. मागच्या हंगामातला आहे, चालेल. साहेबांना एक हवाय ना?” तिचा आवाज चढला. ज्या वाटेवर तिच्या सहा खोल्या अवलंबून होत्या ती अडवायला ती माझ्याकडून हो म्हणवून घेत होती. “रद्द केलेली नोंद धरतात का गं?”

“नाही.”

“असं कोण म्हणतं?”

“नियम आहे. एकदा खोडली की कोणाच्याही सांगण्यावरून परत घ्यायची नाही, मोजणाऱ्याच्या स्वतःच्या सांगण्यावरूनसुद्धा नाही.”

“असला नियम कोणी केला?”

“मी,” मी म्हटलं.